भरतीएवढे पाय

उमरीत माणसाला दोन नावं असतात. एक आईबाप ठेवतात. ते आधार कार्डावर जातं आणि तिथंच राहतं. दुसरं गाव ठेवतं. मला गाव झेरॉक्स म्हणतं, कारण माझं झेरॉक्सचं दुकान आहे. म्हणजे मी स्वस्तात सुटलो. माझ्या शेजारच्या गाळ्यात शेषेराव मामांचं वेल्डिंगचं दुकान. त्यांना गाव तवा म्हणायचं. 'तव्याच्या दुकानाला लागूनच,' असा माझ्या दुकानाचा पत्ता मी स्वतः दिलेला आहे, आणि परगावची माणसं भांड्यांचं दुकान शोधत रेल्वे फाटकापर्यंत जाऊन आलेली आहेत.

हे नाव पडलं एका बाकामुळं. त्याआधी आयुष्यभर मामांनी गेटं केली, खिडक्यांच्या जाळ्या केल्या, शटरं केली, विहिरींची झाकणं केली. माणूस आत येऊ नये, बाहेर जाऊ नये, नाहीतर खाली पडू नये, एवढ्याच कामाचं लोखंड. मग एका बियाण्याच्या दुकानदारानं वडिलांच्या आठवणीसाठी मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, कोपऱ्यावर बाक द्यायचा ठरवला आणि काम मामांकडं आलं. माणसानं टेकावं अशी वस्तू ते पहिल्यांदाच करत होते. मामा खुलले. जाड पत्रा घेतला, पाठीला पोटाशी धरल्यासारखा गोल आकार दिला, आणि घासून घासून असा चकचकीत केला की त्यात बघून एकाला भांग पाडताना मी पाहिलंय. बाक थंडीत बसवला. होळीपर्यंत त्यावर जागा मिळत नव्हती.

एप्रिलात हदगावकडचे एक आजोबा आले, धोतर सावरून बसले आणि उठले. यातलं बसणं कुठं संपलं आणि उठणं कुठं सुरू झालं हे कुणाला दिसलं नाही. समोरच्या चहाच्या हॉटेलातून गुरुपादप्पा बघत होते. त्यांच्या चहापेक्षा त्यांची जीभ कडक. ते पेलाभर पाणी घेऊन आले आणि बोटांनी बाकावर शिंपडलं.

चर्र झालं.

आता ते बाकावर झालं की गुरुपादप्पांनी तोंडानं केलं, यावर गावात अजून दोन मतं आहेत. पण ते लगेच ओरडले, "तवा तापला रे! पीठ मळा कोणीतरी!" आणि तिथं मत विचारायचा प्रश्नच संपला.

तेव्हापासून उमरीचा माणूस कुठल्याही लोखंडावर बसण्याआधी बाटलीतलं पाणी शिंपडतो आणि कान देतो. पाहुण्यांना वाटतं काही धार्मिक असेल. बाकावर बायका कुरडया वाळवायला लागल्या. मामांच्या घरच्या सिंधुमामी सोडून सगळ्यांच्या कुरडया तिथं वाळल्या. मामा फक्त नांदेडहून माल घेऊन येताना मोंढ्याचा रस्ता सोडून मागच्या गल्लीनं यायला लागले. ती गल्ली इतकी अरुंद की पाइप भिंतींना घासत यायचे. पाइप घासल्याचा आवाज आला की समजायचं, मामा आले.

मामा अंगानं वाळलेले. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. डोळे कायम लाल, त्यामुळं नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं हा माणूस एक तर पितो किंवा आत्ताच रडून आलाय. दोन्ही नव्हतं, वेल्डिंगचा उजेड होता. सकाळी मी शटर वर करताना विचारायचो, "कसं काय, मामा?"

"चालू हाय," ते म्हणायचे. "चालू हाय म्हणूनच तर थकवा हाय."

आणि मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. जेवायचे सुद्धा उभ्यानं, डबा ड्रिलच्या टेबलावर ठेवून.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर त्यांच्या दारात एक कार थांबली आणि त्यातून राजश्री उतरली. ही रेणुकादास सरांची मुलगी. सर पूर्वी उमरीला शिकवायचे. निवृत्त होऊन लातूरला राहतात. राजश्री पुण्यात असते, शहरांसाठी बसायच्या जागा आणि शोभेच्या वस्तू बनवून देते. हे काम असतं हे मला तेव्हा कळलं.

"मामा, ओळखलंत का? तुम्ही केलेली बंगई अजून आमच्याकडं आहे. झोका घेतला तरी कुरकुरत नाही."

"सरांची राजू व्हय? बंगईवरून पडली होतीस तू."

"दोनदा," ती म्हणाली. मग तिनं कामाचं सांगितलं. कोकणातल्या एका समुद्रकाठच्या गावाला, तिथल्या नगरपालिकेला, किनाऱ्यावर स्टीलच्या बैठका हव्या होत्या. नुसते बाक नकोत. बघायलाही चांगलं दिसलं पाहिजे, बसताही आलं पाहिजे.

"म्हणजे मूर्ती का बाक?"

"दोन्ही."

"मूर्तीवर बसतेत व्हय तिकडं?"

तिनं कागद उलगडले. होडीच्या आकाराची पाइपची चौकट आणि तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी विणलेली स्टीलची दोरी. त्या जाळ्यात माणसानं बसायचं. अशा पाच होड्या. मामांनी कागद बराच वेळ पाहिला.

"ही तर बाज हाय," ते म्हणाले.

"जाळं आहे, मामा."

"जाळं तुमच्याकडं. आमच्याकडं बाज. माणूस पडला की झालं." मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तिथं ऊन कितपत?"

"ऊन असतं, पण वारा असतो. आणि पत्रा नाहीच ना कुठं, दोरी आहे."

"म्हणजे चर्र न्हाई व्हणार."

राजश्रीला काही कळलं नाही. मला कळलं. मामांना ते काम हवं होतं, पण होड्यांसाठी नाही. आपल्या हातच्या बाकावर भर दुपारी माणूस बसलेला त्यांना एकदा बघायचा होता. तो बघितला की अंगावरचं नाव उतरेल, असा त्यांचा हिशोब.

सिंधुमामींना त्यांनी सांगितलं, हे शेवटचं काम. यानंतर दुकान बंद, खांद्याला आराम.

"ह्याच्या आधीचं बी शेवटचंच होतं," मामी म्हणाल्या. "त्याच्या आधीचं बी."

मी मध्येच शहाणपणा केला. "मामी, सिंधु म्हणजे समुद्रच की. मामांनी खरा समुद्र पाहिला नाही म्हणतात."

"एक हाय की घरात," मामा म्हणाले.

"हाव. अन् काठावर तरी कवा आलात का?" मामी म्हणाल्या आणि डबा घेऊन गेल्या.

समुद्राच्या हवेत साधं लोखंड वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे सुटून गळून जातं, म्हणून राजश्रीनं वेगळ्या जातीचं स्टील सांगितलं होतं. ते जोडायला आर्गन गॅसचं वेल्डिंग लागतं. त्यासाठी मामांनी धर्माबादहून वीरेशला आणलं. वीरेशचं घरचं बोलणं तेलुगू. मराठी तो मोजकं आणि मामांची परवानगी घेतल्यासारखं बोलायचा. दोघं दिवसभर शेजारी काम करून संध्याकाळपर्यंत चार वाक्यं बोलायचे, त्यातली दोन चहाची.

विणकाम मात्र जमेना. स्टीलची दोरी सुंभासारखी ऐकत नाही. मामा चौकटीला पाय लावून, मागं रेलून ओढायचे, खांदा धरून थांबायचे, पुन्हा ओढायचे. एकदा डबा द्यायला आलेल्या मामींनी जाळ्यावर हात दाबून पाहिला.

"अशी ढिली बाज आमच्या माहेरी कुत्र्याला बी घालत न्हाईत."

"मग तू घाल."

मामींनी पदर खोचला आणि घातली. पाचही घातल्या. मामा दोरी ताणून धरायचे, मामी गाठ फिरवायच्या, आणि त्या सगळ्या काळात दोघांचं जे बोलणं झालं ते मी इथं लिहीत नाही, कारण त्यातलं निम्मं माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनी ऐकलेलंच आहे.

आता पाय. इथं गोष्ट वळते.

ज्यांना आमची जमीन माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. तिच्यात वरवर रोवलेलं काहीच सरळ उभं राहत नाही. उमरीतली अर्धी गेटं एकमेकांच्या कानात बोलत असल्यासारखी कललेली आहेत. म्हणून वर मुरमाची भरती किती आहे हे आधी विचारायचं आणि भरतीच्या खाली पक्क्या जमिनीपर्यंत पाय न्यायचा, ही इथल्या कारागिराची पहिली अक्कल. राजश्रीच्या कागदावर पायांखाली एक तुटक रेघ होती. मामा म्हणाले, "रेघ तुटकी हाय म्हणजे खाली अजून हाय. तिथल्या साहेबाला विचार, भरती किती."

मी नगरपालिकेच्या इंजिनियर साहेबांना विचारलं. त्यांचं उत्तर आवाजाच्या मेसेजमध्ये आलं, ते मी मामांना दुकानात मोठ्यानं ऐकवलं: "भरतीचं विचारलंत ते बरं केलंत. आमच्याकडे भरती चांगली दोन मीटर असते. अमावास्या-पौर्णिमेला त्याहून जास्त. वादळी हवा असली तर सांगताच येत नाही. तेव्हा भरतीचा विचार करूनच काय ते मजबूत करा."



"दोन मीटर?" मामा म्हणाले. "डोंगर भरलालेत का काय?"

"अन् अमावास्येला कामून जास्त?" वीरेशनं विचारलं.

मामा हसले. "आरं, अमावास्येला अंधार. कोण मोजून राहिलं? दहा टिप्पर टाकायचे अन् वीस लिहायचे. कंत्राटदार इथून तिथून एकच जात."

आणि आम्हाला ते पटलं. शाळेत भरती आणि ओहोटी या दोघी कायम जोडीनं यायच्या. एकटी भरती आली की आमच्याकडं तिचे अर्थ दोनच, एक पोलीस भरती, दुसरी मुरमाची. साहेब पोलीस भरतीबद्दल बोलत नव्हते हे तर उघड होतं.

मामांनी वीस पाय केले. प्रत्येक नेमाच्या उंचीहून दोन मीटर लांब, वर अमावास्येचे चार बोटं.

मध्ये राजश्री काम पाहून गेली. होड्या लाकडी ठोकळ्यांवर मांडलेल्या होत्या, पाय मागं वेगळे रचलेले. तिनं प्रत्येक होडीत बसून पाहिलं. डोळे भरून आले असं म्हणणार होतो, पण ते ग्राइंडरच्या धुरानंही असेल. मामा म्हणाले, "भरती बघून पाय धरलेत." ती म्हणाली, "वा, मामा, तुम्ही विचार केलात!" विचार तर केलाच होता.

लॉरी निघाली. मामा, वीरेश, मी. मी कशाला, तर इंजिनियर साहेबांशी बोलायला. नांदेड, लातूर, सोलापूर असं करत घाट उतरलो आणि एका सकाळी त्या गावात पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी आमच्यावर हसायचं तेवढं हसून घेतलेलं आहे.

लॉरीतून उतरल्यावर पहिल्यांदा वीरेश बोलला. "अन्नी नीळ्ळे," तो म्हणाला. सगळं पाणीच. मामांनी समुद्राकडं एकदा पाहिलं आणि मग पायाखाली पाहायला लागले. पायाखाली सिमेंटचा लांब, सपाट ओटा होता. ओट्यातून बोल्ट वर आलेले. पलीकडं पायऱ्या, मग वाळू, आणि पाणी लांब कुठं तरी.

राजश्री आली. इंजिनियर साहेब आले. पांढरी टोपी, गोड माणूस. आम्ही पाय उतरवायला लागलो. साहेब बघत राहिले.

"हे काय आहे?"

"पाय," मामा म्हणाले.

"कुणाचे?"

"बाकांचे. भरतीत जायला."

"बाकांनी भरतीत कशाला जायचं? लोकांनी बसायचंय ना त्यांच्यावर?"

"भरतीतून खाली पक्क्यापर्यंत गेल्याबिगर बाक हालतो, साहेब." मामांनी ओट्यावर पाय आपटला. "पर इथं तर सिमेंट हाय. भरती कुठाय?"

"आत्ता नाही. संध्याकाळी येईल."

"संध्याकाळी? किती टिप्पर?"

साहेबांनी राजश्रीकडं पाहिलं. राजश्रीनं माझ्याकडं पाहिलं. मी समुद्राकडं पाहिलं, आणि सातवीच्या पुस्तकातलं एक चित्र माझ्या डोळ्यांपुढं आलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

राजश्री पायांच्या ढिगावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता म्हणाली, "उद्घाटन परवा आहे, मामा." आणि मग तिचं हसणं थांबलं.

मामांना मी कसंबसं समजावलं. पाणी रोज वर येतं, रोज मागं जातं, त्याला भरती म्हणतात. त्यांनी ऐकून घेतलं. लॉरीतून ग्राइंडर काढला, विजेच्या जोडणीला वायर लावली आणि पहिला पाय गुडघ्यांत धरला.

ते स्टील चिवट. कापताना ठिणग्या मागं, वाऱ्याबरोबर त्यांच्याच अंगावर. एक पाय कापायचा, टोक घासायचं, खाली चकती बसवायची, वीरेश ती जोडणार. मी पाय धरून देत होतो आणि माझेच हात सुन्न झाले. मामांचा उजवा खांदा उचलेना तेव्हा त्यांनी डाव्या हातानं उजवा हात वर ठेवला, जशी आपण एखादी वस्तू फळीवर ठेवतो तशी, आणि ग्राइंडर पुन्हा चालू केला. राजश्री दोनदा म्हणाली, "उरलेलं उद्या करू, मामा." ते म्हणाले, "उद्या उठलो न्हाई तर?" त्यात नाटक नव्हतं. दुकान उघडायचं की नाही असं विचारावं तसं म्हणाले.

दिवस कलला तेव्हा पायऱ्यांवर आवाज यायला लागला. पाणी चढत होतं. वाळू गेली, खालच्या पायऱ्या गेल्या. लाट ओट्याच्या कडेला आपटली आणि तुषार मामांच्या चष्म्यावर आले. त्यांनी ग्राइंडर बंद केला.

"ही व्हय भरती?"

"हो," साहेब म्हणाले.

मामा बघत राहिले. एकही टिप्पर नाही, मजूर नाही, मोजणारा नाही. "अन् अमावास्येला ह्याच्याहून जास्त?"

"तर हो."

"रोज भरायची अन् रोज उपसायची," मामा म्हणाले. "हे मपल्याहून बेजार काम हाय." मग थोड्या वेळानं, "नाहक त्या कंत्राटदाराला शिव्या घातल्या मी." आणि उरलेले पाय कापायला वळले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाचही होड्या बसल्या. आम्ही लॉरीच्या सावलीत थांबलो. उद्घाटनाला थांबायचं नव्हतं, पण कुणीतरी बसलेलं पाहिल्याशिवाय मामा हलणार नाहीत हे ठरलेलं होतं. ऊन मध्यावर होतं. एक म्हातारी मासळीची पाटी घेऊन आली, पाटी खाली ठेवली, पदरानं जाळं पुसलं आणि बसली.

"पुसलं कामून?" वीरेश म्हणाला.

"इथं ओलं हाय का बघतेत," मामा म्हणाले. "आपल्याकडं गरम हाय का बघतेत."

म्हातारी बसून राहिली. होडीकडं तिनं पाहिलं नाही, विणीकडं पाहिलं नाही. पाय चोळले, समुद्राकडं पाठ करून रस्त्यावरची माणसं बघितली, आणि गेली. मामा होडीपाशी गेले, तळवा टेकवून पाहिला. कोमट होती. बसले नाहीत. म्हणाले, "चला."

कापलेले तुकडे, वीसच्या वीस, लॉरीत परत आले. ते तिथं कुणाला नको होते.

येताना लातूरला रेणुकादास सरांकडं चहाला थांबलो. राजश्रीनं फोन करून ठेवला होता, त्यामुळं सर दारातच तयार.

"शेष्या, भरती-ओहोटी मी तुला सातवीला शिकवली. फळ्यावर चंद्र काढला होता."

"चंद्र आठवतो, सर. त्याच्या फुडचं न्हाई."

"पुढच्या तासाला तू नव्हतास."

"कापसात होतो."

सरांनी बंगईकडं हात केला. "बस. तूच केलीस."

"कपड्याला तेल हाय," मामा म्हणाले आणि उभ्यानं चहा प्याले.

उमरीत आम्ही पोचायच्या आधी गोष्ट पोचली होती. वीरेशनं धर्माबादला बायकोला फोनवर सांगितलं, तिच्या भावाचा गुरुपादप्पांना दुधाचा रतीब. मागच्या गल्लीत लॉरी शिरेना, म्हणून त्या दिवशी मोंढ्यावरून जावं लागलं. गुरुपादप्पा हॉटेलाच्या पायरीवर उभे.

"या, भरती साहेब! मुरूम किती ब्रास पडला समुद्रात?"

मी खिडकीतून मोबाइल काढून फोटो दाखवला, म्हातारी बसलेली. "बघा, भर दुपारी बसलीय."

"तिथलं ऊन म्हंजे आपल्याकडची पहाट. इथं कोणी बसलं तर बोल." मग मामांना, जरा हळू, "तवा हाय त्यो हाय, शेषेराव. भरती वरून."

म्हणजे एक नाव उतरवायला गेलेला माणूस दोन घेऊन आला. मामांनी तुकडे माझ्या आणि त्यांच्या दुकानांच्या मध्ये रचून ठेवले आणि कित्येक महिने तिकडं पाहिलं नाही. शटरं केली, जाळ्या केल्या. 'दुकान बंद' हा शब्द मामींनीही पुन्हा काढला नाही. माझ्याकडं येणारी माणसं त्या पाइपांना अडखळायची आणि म्हणायची, "हे काय पडलंय?" मी म्हणायचो, "पाय."

फाल्गुनात एका सकाळी त्यातला एक पाइप जागेवर नव्हता. मग दुसरा. मामा कामं उरकून दुपारी थोडं थोडं कापत होते, आणि या वेळी घाई करत नव्हते. चौकट साधीच केली, होडी नाही. दोरी उरली होती ती मामींनी विणली. अशी घट्ट की वर रुपयाचं नाणं टाकलं तर उडत होतं. बाक मोंढ्याच्या कोपऱ्यावर जुन्या तव्याच्या शेजारी, पण कडुलिंबाच्या सावलीत बसवला. पाय काळ्या मातीतून खाली पक्क्यापर्यंत गेले. लांब पाइपांची कमतरता नव्हती.

सकाळ-संध्याकाळ माणसं बसायला लागली. पण सकाळ-संध्याकाळ तव्यावरही बसायची. गुरुपादप्पांनी हॉटेलातून जाहीर केलं, "मे महिन्यात, बाराच्या उन्हात, मी स्वतः बसून बघणार. चर्र झालं तर तवा कायम. न्हाई झालं तर मी मपल्या तोंडानं नाव उतरवणार."

मामांना हे मी सांगितलं. ते शटरच्या पट्ट्या मोजत होते. "बघू," म्हणाले. पण तेव्हापासून ते मोंढ्यावरून जायला लागले हे मी पाहिलं. रोज जाताना बाकाला तळवा लावायचे.

तो दिवस आला. रस्त्याचं डांबर चपलेला धरत होतं. तव्यावर कुणाच्या तरी कुरडया वाळत होत्या. गुरुपादप्पा पेला घेऊन निघाले, मागं हॉटेलातली सगळी गिऱ्हाइकं. मामांना बोलवायला मी माणूस पाठवला होता. तो एकटाच परत आला. गुरुपादप्पांनी वाट पाहिली, मग पाणी शिंपडलं. निम्मं पाणी जाळ्यातून खाली मातीत गेलं. पाइपवर एक थेंब बसला, बसून राहिला, आणि सावकाश घसरला.

सगळे गुरुपादप्पांच्या तोंडाकडं बघत होते. तोंड उघडं होतं. चर्र करायला त्यांना एक क्षण लागला असता, आणि गावानं तेही मानलं असतं.

त्यांनी तोंड मिटलं. बसले. मागं रेलले. हॉटेलात चहा उतू गेल्याचा वास आला तरी उठले नाहीत.

"तवा खलास," ते शेवटी म्हणाले. "आजपासून कोणी म्हणायचं न्हाई."

"अन् भरती?" मागून कुणीतरी विचारलं.

"भरती ऱ्हाऊ द्या. एकदम उघडं कसं करायचं माणसाला."

मी धावतच आलो. मामांचं शटर अर्धं खाली होतं. आत फरशीवर पुठ्ठा टाकून मामा पडले होते, हात डोळ्यांवर, चपला अंगठ्यात तशाच. शेजारी रिकाम्या गॅसच्या टाकीला टेकून सिंधुमामी सुपारी कातरत बसलेल्या. त्यांनी मला हातानं थांबवलं.

"सकाळधरनं पडलेत. खांदा. न्हेऊ नको कुठं."

"मामी, गुरुपादप्पा बसला. अजून बसलाय."

मामा डोळ्यांवरचा हात न काढता म्हणाले, "चर्र झालं का?"

"नाही."

"मग निजू दे," ते म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं.